दुर्बिणीसाठी काळं दाखवा

घरी दुर्बीण करणाऱ्याला सगळे आरशाबद्दल विचारतात. किती इंची, कशावर घासला, शनीची कडी दिसतात का. नळी आतून कशी आहे याची चौकशी मात्र आजवर एकाही पाहुण्याने केलेली नाही. खरं तर चांगल्या आरशाचं मातेरं होतं ते तिथेच.

न्यूटनच्या धाटणीच्या दुर्बिणीत आपण नळीत कुशीतून डोकावतो. समोर एक छोटा तिरपा आरसा असतो आणि त्याच्या मागे नळीची पलीकडची भिंत. शेजारच्या सोसायटीचा एलईडी त्या भिंतीवर पडला की ती उजळते, आणि तो उजेड आमंत्रण नसताना ताऱ्यांच्या पंगतीत येऊन बसतो. पौर्णिमेचा चंद्र नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्या सुमारे ३ कोटी पट तेजस्वी असतो. त्याच्या उजेडातला अगदी थोडा हिस्सा नळीत उनाडत राहिला, तरी एखाद्या फिकट तेजोमेघाची काय प्राज्ञा की तो दिसेल! म्हणून नळी आतून काळी करायची. ऐकायला अगदी सोपं.

पण काळा रंग काळा नसतो. चांगला मॅट काळा रंगसुद्धा चार-पाच टक्के प्रकाश परत पाठवतो, आणि तोही समोरून पडला तर. तिरपा पडला की रंग आपला बाणा सोडतो. संध्याकाळी मावळतीकडे तोंड करून डांबरी रस्त्याकडे पाहा, डांबर चांदीसारखं लकाकतं. दुर्बिणीच्या नळीत तर बहुतेक प्रकाश तिरपाच शिरतो. त्यावर जुन्या हौशी मंडळींचा उतारा म्हणजे शाळेच्या फळ्याच्या रंगात लाकडाचा भुसा कालवायचा. पृष्ठभाग जितका खडबडीत तितकं बरं. त्याहून सरस काजळी. एकोणिसाव्या शतकात उष्णता मोजणाऱ्या नाजूक उपकरणांना दिव्याची काजळी फासत असत, कारण तिच्याइतकं प्रकाश गिळणारं दुसरं काही सहज हाताशी नव्हतं. काजळीचा दोष एवढाच की ती नळीला धरत नाही आणि माणसाला सोडत नाही. माझा अवतार बघून आई म्हणाली, "बरं झालं, आता दुर्बिणीला दृष्ट नाही लागायची."

मग कापड. त्यासाठी पुण्यात लक्ष्मी रोड आणि मुहूर्त संक्रांतीच्या आधीचा. एरवी काळं नको म्हणणारी मंडळी तेव्हा काळ्यासाठी रांगा लावतात.

"वहिनींसाठी का, साहेब?"

"नाही, दुर्बिणीसाठी."

पुण्यातल्या दुकानदाराला कशाचंच नवल वाटत नाही. त्याने माळ्यावरच्या पोऱ्याला हाक दिली, "अरे, दुर्बिणीसाठी काळं काढ रे!"

गादीवर काळ्याचा ढीग पडला. मी मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून एकेकाची उलटतपासणी सुरू केली. साटीन पहिल्या प्रश्नालाच फुटलं. जॉर्जेटच्या पोटात तपकिरी निघाला, सुती कापडात निळा. खरी उतरली ती मखमल, पण तीही लहरी. एका दिशेने हात फिरवला की उजळते, उलट फिरवला की काळोखते. दुकानदार उजळ बाजू पुढे करत होता आणि मी काळोखी मागत होतो. शेवटी त्याने खालून एक मळकट तागा ओढला. "यात शायनिंग नाही हो, म्हणून पडून आहे." मला हवं होतं ते हेच.

मखमलीची करामत रंगात कमी आणि उभ्या लवेत जास्त आहे. किरण आत शिरतो, एका तंतूवर आपटतो, तिथून दुसऱ्यावर. पहिल्या धडकेत शंभरातले पाच उरले तर दुसऱ्या धडकेत पाव उरतो, तिसरीनंतर विचारू नका. सरकारी कचेरीत अर्ज टेबलामागून टेबल फिरत विरून जातो, तसा.

हे एकदा कळलं की रंगाचीसुद्धा गरज राहत नाही. दाढीची ब्लेडं घ्या, चकचकीत पोलादी. पन्नास-साठ एकावर एक रचून आवळा आणि धारेच्या बाजूने पाहा. मखमलीलाही लाजवील असा काळाकुट्ट ठोकळा दिसेल. दोन धारांमधल्या पाचरीत शिरलेला प्रकाश आत आत आपटत जातो आणि परतीची वाट त्याला सापडत नाही. प्रयोगशाळांत लेसरचा नको असलेला झोत जिरवायला हाच ठोकळा वापरतात. चकाकीतून काळोख काढायची ही युक्ती मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. न्यू गिनीतल्या स्वर्गीय पक्ष्यांच्या नरांची काळी पिसंही अशाच सूक्ष्म कंगोऱ्यांमुळे ९९.९५ टक्क्यांपर्यंत प्रकाश पचवतात. त्यांचा हेतू मात्र खगोलशास्त्रीय नसून वैवाहिक असतो.

या वेडाचं टोक म्हणजे व्हँटाब्लॅक. इंग्लंडमधल्या सरे नॅनोसिस्टिम्सने २०१४ मध्ये जाहीर केलेलं हे कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचं रान ९९.९६५ टक्के प्रकाश गिळतं. बोट लावाल तर मोडेल. २०१६ मध्ये त्याच्या कलेतल्या वापराचा हक्क मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांना एकट्यालाच मिळाला आणि चित्रकारांचं माथं भडकलं. स्टुअर्ट सेंपल या इंग्रज चित्रकाराने मग एक भडक गुलाबी रंग विकायला काढला. अट एकच, विकत घेणाऱ्याने आपण अनिश कपूर नसल्याचं कबूल करायचं. इतकं करून कपूर यांनी तो मिळवला, त्यात मधलं बोट बुडवलं आणि फोटो जगाला दाखवला. भांडण पुण्यात झालं असतं तर दुकानाबाहेर पाटी लागून मिटलं असतं: 'येथे कपूर यांस रंग मिळणार नाही. चौकशी करू नये.'

पुढे २०१९ मध्ये एमआयटीने ९९.९९५ टक्क्यांचं काळं केलं आणि एका कलाकृतीसाठी ते २० लाख डॉलर किमतीच्या हिऱ्याला फासलं. हिरा दिसेनासा झाला. दशांशचिन्हानंतरच्या या शर्यतीत माझ्यासारख्या गच्चीवरच्या माणसाने पडू नये. नजरेसमोरची भिंत मखमलीने झाकली आणि बाकी नळीला भुशाचा रंग दिला की मार्गी लागतं. मखमलीची लव मात्र आधी नीट झटकून घ्यावी, नाहीतर ती सावकाश आरशावर येऊन बसते.

उरलेल्या कापडाचं आईने हातातल्या पिशवीला अस्तर लावलं. आता दारात उभं राहून ती रोज पिशवी चाचपते आणि मला हाक मारते, "अरे, टॉर्च आण, किल्ली दिसत नाहीये."