वर चाललाच आहात ना?

पुण्यातल्या टेकड्यांवर सकाळी फिरायला जाणारे पुष्कळ, पण रिकाम्या हाताने वर पोचणारे थोडे. कारण पायथ्याशी काका उभे असतात. पायात मुलाने टाकून दिलेले बूट, खिशात खुरपं आणि पुढ्यात गोडेतेलाचे पाच लिटरचे जुने कॅन, पाण्याने भरलेले. तुम्ही नजर चुकवून सटकायला बघता, तेवढ्यात मागून आवाज येतो, "वर चाललाच आहात ना?" या प्रश्नाला नाही म्हणायची सोयच नाही. झालं, एक कॅन तुमच्या हातात येतो आणि वृक्षसंवर्धनाच्या कामात तुमची भरती होते. फॉर्म नाही, वर्गणी नाही आणि सुटकाही नाही.

काका बहुधा बँकेतून, नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. हाताखालच्या माणसांना वेळेवर कामावर आणणं नोकरीत पस्तीस वर्षं जमलं नाही, ते इथे जमवतात. त्यांच्याकडे एक लांबट वही असते. तीत प्रत्येक झाडाला नंबर आणि शेरा. '14, मेडशिंग, पालवी उत्तम. 15, बेहडा, कोणीतरी वाकवला.' हा 15 नंबर तुमच्या नावावर चढला की तुमचं स्वातंत्र्य संपलं. बाहेरगावी जायचं तर बदली माणूस देऊन जायचं. न देता गेलात, तर महाबळेश्वरला ऐन जेवणाच्या वेळी फोन येतो, "तुम्ही तिकडे मजेत ना? बेहडा मान टाकून बसलाय."

पाणी घालणं ही गोष्ट आपल्याला येते असा प्रत्येकाचा समज असतो. काका तो पहिल्याच दिवशी काढून टाकतात. "बुंध्यावर नको, बुंध्यावर नको! आंघोळ घालायची नाहीये त्याला." आळ्यातला पालापाचोळा हाताने बाजूला सारायचा, अर्धा कॅन बेताने ओतायचा, मुरेपर्यंत थांबायचं, मग उरलेला ओतायचा आणि पाचोळा पुन्हा जागच्या जागी पसरायचा. टेकडीवर वीतभर माती, खाली काळा कातळ. भसकन ओतलेलं पाणी मुळाशी न थांबता उताराला लागतं. "आणि खालच्या सोसायटीत जातं," काका सांगतात, "तिथे गाड्या धुवायला आहेच की!"

जुलै महिना मात्र त्यांना सोसत नाही. कन्हैयालाल मुन्शींनी 1950 मध्ये वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून पावसाळ्यात झाडं लावायची आपल्याकडे प्रथा पडली. महाराष्ट्रात 2019 च्या पावसाळ्यात तर 33 कोटींचं उद्दिष्ट होतं. काका म्हणाले, "तेहतीस कोटी देवांचा हिशेब कोणी मागत नाही. झाडांचा तरी मागा!" बॅनर, टोप्या आणि वडापाव घेऊन मंडळी येतात, रोपं लावतात, उतरतात. त्यानंतर काका पहार-घमेलं घेऊन निघतात आणि काळ्या पिशवीसकट पुरलेली रोपं उकरून, पिशव्या फाडून, पुन्हा लावतात. वाढदिवसाला झाड लावायचंय म्हणून एकजण हौसेने आले होते. "कधी असतो?" "एप्रिलमध्ये." "मग पावसात साजरा करा."

काकांचा स्वतःचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. गवत वाळतं, कोणीतरी सिगारेटचं थोटूक भिरकावतो आणि वणवा पेटतो. म्हणून त्याआधीच गवत काढून जाळरेषा आखायच्या. तेव्हा बॅनर नसतो आणि वडापावही नसतो. माणसंही फारशी नसतात.

परदेशी झाडांवर त्यांचा दात आहे. गिरिपुष्प मेक्सिकोकडचं, गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ तर नावच काढू नका. एका रविवारी बटाटेवडा खाताखाता हे व्याख्यान रंगात आलं असताना कोणीतरी सांगितलं, की बटाटाही तिकडचाच आणि चटणीतली मिरचीसुद्धा. काकांनी वडा संपवला आणि म्हणाले, "मी तो खातो. टेकडीवर लावत नाही."

त्यांना खरं निरुत्तर केलं ते वनस्पतिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने. काकांनी एका उघड्या पठारावर खड्ड्यांची आखणी केली होती. ती म्हणाली, "काका, ही जागा ओसाड नाही, हा माळ आहे. इथे चंडोल गवतात घरटी करतात. सगळीकडे झाडंच कशाला?" काका काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात आखणी खालच्या ओघळीकडे सरकली होती आणि माळावर खड्डे घेऊ नयेत हे आपण पहिल्यापासून सांगत आलो आहोत, असं ते नव्या भरतीला ठणकावून सांगत होते.

घरच्या तुळशीला पाणी काकू घालतात. काकांच्या मते तिथे नळ जवळ आहे, त्यात काय मोठं!

असल्या माणसाबरोबर काम करणं सोपं नाही. पण झाडांची शिरगणती करायची तर ती लावल्यादिवशी न करता पुढच्या जूनच्या तोंडावर करावी, हे त्यांचं म्हणणं मला पटलेलं आहे. ती लांबट वही त्याच हिशेबासाठी आहे. तेव्हा टेकडीवर जाणार असाल तर कॅन मुकाट्याने उचला. फक्त झाकण घट्ट आहे का ते आधी बघा. काका ते बघून देत नाहीत, आणि वाटेत सांडलेल्या पाण्याचा जाब मात्र वर पोचल्यावर विचारतात.