तरुण संघासाठी खेळ : निवड, आखणी आणि बचाव

तरुण संघाचं सचिवपद गळ्यात पडलं, की आठवड्याभरात पाळकसाहेब म्हणतात, "मुलं येत नाहीत. एखादा आइसब्रेकर घ्या." नगरच्या मे महिन्यात बर्फ फक्त रसवंतीवर फुटतो, पण आज्ञा ती आज्ञा. नवख्या सचिवांसाठी हे नियम.

१. ओळखीचा खेळ घेऊ नये. "नाव आणि एक आवड सांगा" हे परक्यांसाठी ठीक. आपल्या मंडळीत निम्मे एकमेकांचे आते-मामेभाऊ. उरलेले नाताळच्या नाटकात एकाच उंटाचे पुढचे-मागचे पाय झालेले. नाव, दहावीचे गुण, फिसकटलेली सोयरीक, सगळं सगळ्यांना पाठ.

२. शास्त्राधार तयार ठेवावा. पंच विचारणारच. शमशोनाने लग्नात ३० सोबत्यांना कोडं घातलं. पैज ३० तागाची वस्त्रं आणि ३० पोशाखांची. उत्तर बायकोकडून फुटलं, आणि पैज फेडायला त्याने अष्कलोनात ३० माणसं मारली. तेव्हा कोडी जरूर घालावीत, बक्षीस मात्र बॉलपेनच ठेवावं. शास्त्रातला 'शिब्बोलेथ' हा शब्द नीट म्हणून दाखवणं, हाही एक खेळच, उच्चाराचा. त्यात ४२,००० बाद झाले, तेही कायमचे. 'कच्चा पापड, पक्का पापड' घेताना चुकणाऱ्याला फक्त मागच्या सतरंजीवर बसवावं.

३. वचन शोधण्याची शर्यत लावताना मोबाइल टोपलीत जमा करावेत. ६६ पुस्तकांत हबक्कूक नेमका कुठे, हे पाळकसाहेबांच्या मुलीलाच माहीत असतं. तिला आधीच पंच नेमावं.

४. गीतांच्या भेंड्यांत वडीलधाऱ्यांना घेऊ नये. ते प्रत्येक गीत 'आमेन'पर्यंत नेतात आणि समोरच्या गटावर दर वेळी 'न'च येतो.

५. भाषण आधी, खेळ मागाहून, असा क्रम नको. त्रोवसात पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला उठवलं. आपल्याकडे ती सोय नाही.

६. साहित्य नाही म्हणून रडू नये. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत हिवाळ्याने कोंडलेल्या १८ विद्यार्थ्यांना आवरायला जेम्स नेस्मिथने सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. बास्केटबॉल जन्मला तो असा. टोपल्यांना बूड होतं. चेंडू आत पडला की कुणीतरी शिडी लावून तो काढायचा.

७. तो शिडीवाला आधी नेमावा. नर्सिंग हॉस्टेलवरची एक मुलगी दर रविवारी आमच्याकडे येई, शेवटच्या बाकावर बसे आणि आशीर्वाद होताच निघून जाई. मागच्या महिन्यात भेंड्यांचे गुण लिहायला कुणी मिळेना, म्हणून खडू तिच्या हाती दिला. चौथ्या गीताला ती म्हणाली, "हे मघाशी झालंय," आणि तिने साक्षात पाळकसाहेबांच्या गटाचे दोन गुण कापले. मंडळी अवाक. मग मागून कुणीतरी विचारलं, "ताई, तुमचं नाव काय?"

नियम १ मध्ये तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.