भेंडीला हात लावायचा नाही

ती. आई-अप्पांना सा. न.

दूध तापत ठेवलंय, त्यामुळे पत्र मध्येच तुटलं तर घाबरू नका. काल आईचा आवाज ऐकून वाटलं, मी इथे अग्निनक्षत्रात पापडासारखी भाजले जातेय असं अख्ख्या आळीत झालेलं दिसतंय. उकडतं, पण मे महिन्यात गुहागरलाही बर्फ पडत नाही. फक्त तिकडे जूनमध्ये सुटका, आणि इथे खरा पाऊस ऑक्टोबरात. अप्पा मद्रासला परदेश म्हणतात, ते एवढ्यापुरतं मान्य.

पार्सल पोचलं. कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळी, सगळं धड. इथे आंबा किलोवर! "डझनाला किती?" विचारलं तर फळवालीने असं बघितलं, जणू मी दूध वीतभर मागितलं.

आता भांडण. दादा गडग्यालगतची भेंडी तोडून चिऱ्याची भिंत घालतोय, हे तुम्ही फोन ठेवता ठेवता सांगितलंत. मंदाकाकूच्या सुनेच्या स्कूटरला वीस मिनिटं आणि भेंडीला अर्धं वाक्य?

इथे बेझंट नगरात आमच्या फाटकाशी तेच झाड आहे. वर्षभर त्याच्याखालून भाजी आणली, मान वर केली नाही. एका सकाळी पायाखाली फूल आलं, कालचं, लालसर पडलेलं. वर बघितलं तर आजचं, फिकट पिवळं, तळाशी तोच गडद डाग. पिशवी ठेवून उभीच राहिले. वॉचमनअण्णांना वाटलं, बाईंना चक्कर आली. इथे त्याला पूवरसु म्हणतात, फुलांचा राजा. आपण? भाजीची नावबहीण!

मग चिनूला पान गुंडाळून पिपाणी करून दिली. अण्णांनी लगेच त्याहून मोठी करून दाखवली. तेही लहानपणी हेच वाजवायचे म्हणे. रविवारपर्यंत इमारतीतली सगळी पोरं वाजवायला लागली. सोमवारी लिफ्टमध्ये सूचना: दुपारी दोन ते चार पानांची वाद्यं वाजवू नयेत. खाली कलम दोन: झाडाची पानं ही सोसायटीची मालमत्ता आहे. गच्चीवर कुरडया घालायच्या नाहीत, जिन्यात चपला काढायच्या नाहीत, हे सोसलं. पण पानांचा हिशेब? रोज सकाळी झाडू मारून तीच मालमत्ता कचऱ्यात जाते! मी सेक्रेटरींना हे विचारलं. ते म्हणाले, गळलेली चालतील. आता पोरं झाडाखाली पान गळायची वाट बघत बसतात, आणि दुपारी दोनला नेमका वारा सुटतो.

दादाला सांगा, १७६९ साली कॅप्टन कुकच्या जहाजातून ताहिती बेटावर गेलेल्या सोलांडरला हे झाड तिथल्या देवस्थानांपाशी दिसलं, म्हणून त्याने नाव ठेवलं थेस्पेशिया, दैवी. फळं समुद्रात तरंगत जातात आणि जिथे लागतील त्या खाऱ्या वाळूत रुजतात. कुठल्या कुठल्या बेटांवर पोचलंय. रात्री लाटांचा आवाज आला की उगाच वाटतं, एखादं आपल्या गडग्यावरून निघून इथे लागलं असेल. समुद्र वेगळा आहे, माहीत आहे मला. वाटतं.

भिंत घाला, पण झाडाला वळसा देऊन. आणि रविवारी अप्पांनी फोनवर पिपाणी वाजवायची आहे, चिनूने अण्णांशी पैज लावलीय. फक्त दोन ते चार सोडून.

तुमची,
बेबी

ता. क. स्कूटरचा रंग कोणता?