अवसेचं गिऱ्हाईक

नवी दिनदर्शिका हातात आली की पेणचा माणूस आधी गणपती कधी ते बघतो, मग जोडून आलेल्या सुट्ट्या मोजतो. आमचा आकाशवाला बारा काळ्या टिकल्या शोधतो. अमावास्या शनिवारी आली की त्याचा चेहरा पौर्णिमेसारखा फुलतो.

"अवसेच्या रात्री कुणी घराबाहेर पडतं का रे?" आई विचारते.

"अगं, चंद्र असला की फोटोत आकाशगंगा धुऊन जाते."

"मग बरंच आहे की. धुतलेली काढ!"

दिवसा तो रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत नोकरी करतो. शनिवारी त्याच्या सॅकेत डब्याला जागा नसते. कॅमेरा, ट्रायपॉड, लाल कागद चिकटवलेली बॅटरी आणि तव्यावर गरम केलेल्या तांदळांनी भरलेला एक पायमोजा. हा मोजा लेन्सला गुंडाळायचा, म्हणजे दव धरत नाही. दुसरा मोजा कुठे गेला, हे आई अजून शोधते आहे.

पेणमध्ये आकाश काढायची सोय नाही. गणपतीआधी मूर्तींच्या कारखान्यांत रात्र रात्र आखणी चालते. हॅलोजनखाली मूर्तींचे डोळे उघडतात, तसे वर ताऱ्यांचे मिटतात. तसंही तेव्हा पाऊसच. आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग धनु-वृश्चिकाकडे. तो रात्री ऐन वेळेला वर येतो जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे कोकणात नेमका छत्रीच्या वर. जुलै २०२० मध्ये निओवाइज धूमकेतू जगाने नुसत्या डोळ्यांनी पाहिला. ह्याने गच्चीत उभं राहून ढगांचे चाळीस फोटो काढले आणि "ह्याच्या मागे आहे" म्हणून सगळ्यांना दाखवले.

राहिले फेब्रुवारी ते एप्रिल, तेही पहाटे तीनला, आणि डोंगराला वणवा लागलेला नसेल तर. म्हणून रात्री लाईट गेली की सगळं गाव वायरमनच्या नावाने बोटं मोडतं आणि हा एकटा ट्रायपॉड घेऊन जिना चढतो.

शाळेत गणिताने त्याला रडवलं, पण पाचशेचा नियम तोंडपाठ. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. २४ ची लेन्स असेल तर साधारण २० सेकंद. त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं तर पृथ्वी फिरते आहे हे फोटोत कळतं आणि ताऱ्यांच्या शेवया होतात. ध्रुव तेवढा जागचा हलत नाही. पण रोह्याहून तो क्षितिजाच्या वर जेमतेम १८ अंश, म्हणजे हात लांब केला तर वीतभर. मध्ये टेकडी आली की ध्रुवही अढळपदावरून गेला.

मागच्या मार्चची अवस. रोह्याच्या पुढे एका वाडीजवळच्या शेतात ह्याने उत्तरेकडे कॅमेरा लावला होता. तीस-तीस सेकंदांचे २०० फोटो एकावर एक चढवले की ध्रुवाभोवती ताऱ्यांची कडी उमटतात. कॅमेरा टिकटिक करतोय, लाल दिवा लुकलुकतोय आणि हा पायमोजा कुरवाळत बसलाय. तेवढ्यात चार काठ्या पुढ्यात.

"कोन रं?"

"मी... तारे काढतोय."

"तारा काढतोस?"

त्याच आठवड्यात वाडीतल्या पंपाच्या तारा चोरीला गेल्या होत्या. गणेश चतुर्थीचा चंद्र बघितला तर चोरीचा आळ येतो म्हणतात. ह्याच्यावर आला तो बिनचंद्राच्या रात्री. त्याने घाईघाईने कॅमेऱ्याचा पडदा पुढे केला. वाडीतल्या म्हाताऱ्याने डोळे बारीक करून सप्तर्षी पाहिले.

"हे तं म्हातारीचं खाटलं. आन हे मागचं तीन चोर. आमची आजी दावायची." मग पोरांकडे वळून म्हणाला, "काठ्या खाली घ्या. चोर वर हायेत."

पोरं गेली. म्हातारा मात्र बांधावर बसून राहिला, कॅमेऱ्यापेक्षा वरच जास्त बघत. बऱ्याच वेळाने ह्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "तिघांची त्वांडं नीट येऊ दे."