गिअर की चार्जर? डोंगरी सायकल निवडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

साधी एमटीबी (डोंगरी सायकल) घ्यावी की विजेची, हा प्रश्न दर रविवारी सकाळी खडकवासल्याच्या टपरीवर चहासोबत कायमचा सुटतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहतो. तो एकदाचा निकालात निघावा, या उदात्त हेतूने ही मार्गदर्शिका सादर करीत आहोत. पायऱ्या क्रमानेच चढाव्यात. मधली गाळल्यास होणाऱ्या परिणामांना, विशेषतः घरच्यांच्या शेऱ्यांना, मार्गदर्शक जबाबदार नाहीत.

पायरी पहिली: डोंगर ठरवा

बहुतेक इच्छुक मनाली-लेह डोळ्यांपुढे ठेवून सायकल घेतात आणि तिच्यावरून दळण आणतात. तेव्हा आधी डोंगर नक्की करावा. लेहचाच हट्ट असेल आणि ई-सायकल विमानाने न्यायचा बेत असेल, तर 160 वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत, याची नोंद घ्यावी. डोंगरी ई-सायकलची बॅटरी साधारण 500 च्या घरात असते. म्हणजे सायकल लेहला आणि बॅटरी कोथरूडला, असा प्रसंग येईल. या मार्गदर्शिकेपुरता आपण सिंहगड धरू.

पायरी दुसरी: हिशेब मांडा

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे आणि गड 1,300 मीटरच्या आसपास. स्वार 80 किलोचा (वजन डॉक्टरांना सांगता ते नव्हे, खरे धरावे), सायकल 15 किलोची, पाणी-पंप-चिक्की 5 किलो. हे 100 किलो एवढे वर न्यायला साधारण 200 वॉट-तास ऊर्जा लागते. टायरचे घर्षण आणि रस्त्यातले खड्डे वेगळे. ई-सायकल आठ-दहा किलो जड असते, म्हणून तिला वीसेक वॉट-तास जास्त लागतील. तरीही स्वार पेडल मारत राहिला, तर 500 ची बॅटरी गड गाठून उरते. पूर्ण चार्जिंगला वीज लागते जेमतेम अर्धा युनिट.

साध्या सायकलवर हीच ऊर्जा पोटातून काढावी लागते. शरीर खाल्लेल्यापैकी जेमतेम पाव भाग पायांपर्यंत पोचवते, म्हणजे खर्च सुमारे 700 कॅलरी. गडावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही मागवताच ही रक्कम व्याजासह परत जमा होते. वजन कमी करण्यासाठी गडावर जाणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

पायरी तिसरी: कायदा जाणून घ्या

मोटर 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर अशा ई-सायकलला नोंदणीही लागत नाही आणि परवानाही. वेग त्या मर्यादेवर गेला की मोटर हात काढून घेते आणि पुढचा भार तुमच्या गुडघ्यांवर येतो. सपाट रस्त्यावर जोरात जाणाऱ्याला तिचा उपयोग म्हणूनच कमी. मात्र सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत ताशी 25 चा वेग लागण्याची शक्यता नसल्याने ही अडचण तात्त्विक समजावी.

पायरी चौथी: उताराचा विचार करा

चढताना सगळे मोटरबद्दल बोलतात, उतरताना ब्रेकबद्दल कुणी बोलत नाही, कारण बोलायला तोंड मोकळे नसते. या खेळाचा जन्मच ब्रेकच्या धुरातून झाला. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत काही हौशी मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन एका डोंगरावरून शर्यत लावू लागली. एका उतारात मागच्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला ते नव्याने भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. बोध असा की पंचवीस किलोची ई-सायकल उतारावर आवरायला चांगले हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेत. मोटरवर खर्च करून ब्रेकवर काटकसर करणाऱ्याने विमा आधी उतरवावा.

पायरी पाचवी: समाजाला तोंड द्या

ई-सायकल घेतलीत तर घाटात घामाघूम झालेला एखादा साधा सायकलवाला तुम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणेल, “मोटर आहे हो, त्यात काय!” त्याला शांतपणे सांगावे की आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने 2019 मध्ये ई-एमटीबीची जागतिक स्पर्धाही सुरू केली. तोवर तो मागे पडलेला असेल, म्हणून मोठ्याने सांगावे. साधी सायकल घेतलीत तर ई-सायकलवरचे काका शीळ घालत पुढे जातील. अशा वेळी थांबून मोबाइलवर दरीचा फोटो काढावा. थांबण्याला तेवढे एकच सन्मान्य कारण आहे.

पायरी सहावी आणि निर्णायक: जिना मोजा

आजवरच्या सर्व चर्चांत हा मुद्दा का सुटला, हे कोडेच आहे. सिंहगड महिन्यातून एकदा चढायचा असतो, घरचा जिना रोज. सायकल खांद्यावर घेतली की मोटर मदत करीत नाही, उलट तीच ओझे होते. जुन्या वाड्यात किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर पंचवीस किलो रोज वर न्यावे लागतील. ई-सायकल खाली पार्किंगमध्ये ठेवायची म्हटली, तर बॅटरी काढून वर न्यावी लागेल, किंवा खालच्या प्लगसाठी सोसायटीच्या सचिवांकडे अर्ज करावा लागेल. तो चढ सिंहगडापेक्षा अवघड असतो आणि त्यावर कोणतीही मोटर चालत नाही.

निष्कर्ष: लिफ्ट असेल आणि गुडघे कुरकुरत असतील, तर विजेची घ्यावी. लिफ्ट नसेल आणि गुडघे शाबूत असतील, तर साधी. लिफ्टही नसेल आणि गुडघेही कुरकुरत असतील, तर आधी घर बदलावे.