गेटसाहेबांस अनावृत पत्र

मौजे माकणी, तालुके लोहारा, जिल्हे धाराशिव

मेहेरबान गेटसाहेब, पदव्युत्तर अभियांत्रिकीच्या दारी उभे असलेले द्वारपाल, यांचे सेवेसी
कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

ज्या पत्राला पाकीट नसते, आणि जे ज्याच्या नावे लिहिले त्याच्याखेरीज इतर सर्वांनी वाचावे अशी लिहिणाराची मनीषा असते, त्यास आमच्या पिढीचे संपादक ‘अनावृत पत्र’ म्हणत. वस्त्रविद्येची परीक्षा घेणाराच्या पुढे अनावृत स्थितीत उभे राहणे शिष्टाचारास सोडून आहे, याची मला जाणीव आहे. परंतु आपला कारभार बंगळुरूची विज्ञान संस्था आणि सात आयआयटी आळीपाळीने पाहतात, आणि भावकीत पाटीलकीचा मान फिरावा तसा आपला पत्ता दरसाल फिरत असल्याकारणाने, पाकिटावर कोणाचे नाव घालावे हेच न उमगून हा निर्लज्ज मार्ग पत्करला आहे.

प्रथम आपल्या नामाभिधानाविषयी. आमच्या गावी तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे (१९९३ सालच्या भूकंपाचे खापर काही जाणत्यांनी ज्याच्या माथी फोडून पाहिले, तेच हे) आणि या पंचक्रोशीत ‘गेट’ म्हणजे त्या धरणाचा दरवाजा. दुसरा अर्थ नाही. सबब नातवाने वस्त्रविद्येची पदवी हाती पडल्यावर ओसरीवर उभे राहून ‘मी आता गेटची तयारी करतोय’ असे जाहीर केले, तेव्हा माझ्या वडील भगिनी, ज्यांना सारे गाव आक्का म्हणते, त्यांना मनापासून आनंद झाला. “बरं झालं की रं, पाटबंधाऱ्यात लागलास. आता पानी सोडायच्या आदल्या दिशी सांगत जा म्हंजी झालं, नदीवरच्या मोटारी काढून ठिवता येतील,” असे त्या म्हणाल्या. मग नातवाने अर्धी घटका खर्चून, हे गेट पाण्याचे नसून विद्येचे आहे, त्याच्यापुढे दरसाल देशातली लक्षावधी मुले उभी राहतात आणि त्यांतल्या थोड्यांनाच आत घेतात, असा सविस्तर खुलासा केला, तो शांतपणे ऐकून घेऊन आक्कांनी विचारले, “म्हंजी हे गेट उघडण्यासाठी नव्हं, मिटण्यासाठी हाय व्हय?” या प्रश्नाचे उत्तर आपल्या माहितीपुस्तिकेत सापडले नाही.

आता अर्जदाराची कैफियत. अर्जदाराचे नाव येथे देत नाही, कारण आपल्या दफ्तरी तो नोंदणी क्रमांकानेच ओळखला जातो. घराणे विचाराल, तर त्याविषयी मात्र थोडे सांगण्याजोगे आहे. याच तेरणेच्या वरच्या अंगाला तेर नावाचे गाव आहे, गोरोबाकाकांचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या आपल्या प्रवासवृत्तात ज्याला तगर म्हटले आहे, ते हेच, असे विद्वान मानतात. तगरहून जाडेभरडे कापड विपुल आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत लादून, धड रस्ते नसलेल्या अफाट मुलखातून भडोचच्या बंदराला उतरत असे, अशी त्याची नोंद आहे. (रस्त्यांविषयीची नोंद दोन हजार वर्षांनंतरही आमच्याकडे कित्येक ठिकाणी दुरुस्तीवाचून छापता येईल.) तेव्हा, हुजूर, ज्या नदीच्या पाण्यावर वाढलेल्या लोकांनी रोमकांच्या अंगावर कापड घातले, त्या नदीकाठचा मुलगा आज सुताचे ज्ञान सिद्ध करण्यासाठी आपल्यापुढे रुजू होत आहे, एवढी वंशावळ पुरे. आज आमच्या शिवारात सोयाबीन, तूर आणि ऊस दिसतो, कापूस शोधावा लागतो, हा भाग वेगळा.

आपला जन्म १९८३ सालचा असे समजते. तो मुहूर्त कोणी काढला ठाऊक नाही, परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतल्या कित्येकांना परत आत जाता आले नाही, आणि पुढच्याच साली, भोंगे मुके झालेले असताना, आपली घंटा वाजली. यात आपला काही दोष नाही. पण दारे बंद होण्याच्या हंगामात नवे गेट उभे राहिले, हा योग नजरेआड करण्याजोगा नाही.

नातू अभ्यास करतो तेव्हा प्रश्न वाचून दाखवण्याची कामगिरी माझ्याकडे आहे, आणि त्या निमित्ताने आपला अभ्यासक्रम माझाही जवळजवळ पाठ झाला आहे. ८४० वार सुताची एक लडी, आणि अशा जितक्या लड्या एका पौंडात भरतील तितका त्या सुताचा इंग्रजी काउंट. म्हणजे आकडा वाढला की सूत बारीक. उलटपक्षी हजार मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम तितका त्याचा टेक्स, आणि नऊ हजार मीटरचे जितके ग्रॅम तितका डेनियर. तेथे आकडा वाढला की सूत जाड. काउंटातून टेक्सात जायचे तर ५९०.५ या आकड्याला काउंटने भागावे. इंग्रज १९४७ साली गेला, आमचा निजाम सप्टेंबर १९४८ मध्ये गेला, १९५६ च्या कायद्याने वार आणि पौंड यांनाही निरोप दिला. परंतु आपल्या प्रश्नपत्रिकेत हे दोघे अद्याप पेन्शन खात बसले आहेत, आणि माझा नातू, ज्याने आयुष्यात पौंडाने काही विकत घेतले नाही, तो त्यांची पहाटे पाचपासून सेवा करतो. स्वतःचे गणकयंत्र आत नेण्यास आपली मनाई असल्याने ही सेवा पडद्यावरच्या चित्रातील गणकयंत्राची बटणे उंदराने टिपून करावी लागते, त्याचाही त्याने सराव ठेवला आहे.

यातले काही मला आपल्या आधीपासून येत होते, हे सांगितले तर उद्धटपणा होईल, तरी सांगतो. आमच्या शाळेत सूतकताईचा तास असे. पेळू डाव्या हातात, टकळी उजव्या हाताच्या चिमटीत; पीळ कमी पडला की धागा सुटे, जास्त झाला की कुरळा होऊन स्वतःलाच मिठी मारी, आणि दोहोंच्या मधली जागा बोटांना सापडली की गुरुजी पुढच्या मुलाकडे वळत. त्या जागेचे नातवाने मला सूत्र दाखवले: इंचामागे पीळ म्हणजे काउंटचे वर्गमूळ गुणिले एक ठरावीक गुणक. सत्तरी ओलांडल्यावर आपल्या बोटांचे वर्गमूळ कळणे हा लहान आनंद नव्हे, आणि त्याबद्दल, साहेब, मी आपला खरोखर ऋणी आहे.

ऋणाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या उणे गुणांकडे वळतो. एका गुणाचा बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक तृतीयांश गुण वजा, दोन गुणांचा चुकला तर दोन तृतीयांश वजा. ज्याने तोंडच उघडले नाही त्याचे काही जात नाही. आमच्या भागातल्या सावकारांविषयी पुष्कळ वाईट लिहिले गेले आहे आणि ते बहुतेक खरे आहे, परंतु न दिलेल्या पैशावर व्याज लावण्याची कल्पना त्यांनाही सुचली नव्हती. शिवाय शंभर गुणांपैकी पंधरा सामान्य कलचाचणीचे व तेरा गणिताचे, म्हणजे अठ्ठावीस गुणांचा सुताशी सुतराम संबंध नाही; इंग्रजीतले शब्दयोगी अव्यय चुकले म्हणून एखाद्या धोट्याने आडवा धागा टाकायचे थांबवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण हे किरकोळ. गाऱ्हाणे पुढे आहे, आणि ते आपल्याच अभ्यासक्रमाच्या आधारे आपल्यावर रुजू करीत आहे.

कापसातल्या ओलाव्याचे आपण दोन हिशेब ठेवता. पाण्याच्या वजनाला पूर्ण सुकवलेल्या कापसाच्या वजनाने भागले तर एक आकडा, ओल्यासकट एकूण वजनाने भागले तर दुसरा. पहिला साडेआठ टक्के आला तर दुसरा सुमारे ७.८३. कापूस तोच, पाणी तेच, भाजक तेवढा बदलला. येथे मुले फसतात म्हणे. माझा नातू फसला नाही, कारण ज्या जिल्ह्यात पिकाची पैसेवारी पन्नासच्या वर निघाली की दुष्काळ नसे आणि खाली निघाली की असे, त्या जिल्ह्यात भाजक कोण ठरवतो हे पोराला पाळण्यातच समजते. तर हा साडेआठ टक्क्यांचा आकडा कोठला? ज्या हवेत आर्द्रता ६५ टक्के आणि उष्णता २० अंश, तिथला. या हवेला आपण ‘प्रमाणित वातावरण’ म्हणता. माकणीत एप्रिल महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि ओठांना साय धरावी तशी पापडी धरते. वर्षाचे बहुतेक दिवस आम्ही आपल्या शास्त्राच्या दृष्टीने अप्रमाणित आहोत. माझे एक चुलते सोलापूरच्या एका गिरणीत बदलीवर लागून पुढे सूतखात्यात कायम झाले होते. ते सकाळी दारात उभे राहून नाकाने हवा ओढीत आणि ‘आज धागा लई तुटणार’ असे म्हणत, आणि तो तुटे. तो का तुटे, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नाही. कापूस भिजला की त्याचे बळ वाढते आणि सुकला की धागा ठिसूळ होतो, ही गोष्ट त्यांच्या पणतूच्या पिढीने आपल्या पुस्तकातून वाचून मला सांगितली, तेव्हा चुलते जाऊन वर्षे लोटली होती.

आणि येथेच मला आपल्या शास्त्राचा मोठेपणा दिसला. धाग्याची ताकद मोजायची, तर तो आणला आणि यंत्राला बांधला, असे आपण करू देत नाही. आधी त्याला त्या प्रमाणित हवेत समतोल येईपर्यंत ठेवायचे. त्यातही कोरड्या बाजूने आणायचे, कारण एकाच आर्द्रतेच्या खोलीत ओल्या बाजूने आलेला कापूस अधिक पाणी धरून बसतो आणि कोरड्या बाजूने आलेला कमी. कापसाला आपण कोठून आलो याची आठवण असते, आणि आपले शास्त्र ती हिशेबात धरते. पुढे नमुन्याची लांबीही नोंदवायची. कारण धागा त्याच्या सर्वांत दुबळ्या जागी तुटतो, आणि नमुना जितका लांब तितकी अशी जागा सापडण्याचा संभव अधिक, हे पियर्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९२६ साली गणिताने मांडून ठेवले आहे. लांबी न सांगता ताकद सांगणे आपल्या पुस्तकात अशास्त्रीय ठरते.

आता माझा अर्ज ऐका. जो नमुना येत्या फेब्रुवारीत आपल्यापुढे सोलापूरच्या केंद्रावर हजर होईल, तो पहाटेच्या एसटीने उमरग्याला व तेथून दुसऱ्या एसटीने आलेला असेल. त्याची लांबी, माकणीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेपासून मोजता, ज्या नमुन्याने शहरातल्या शिकवणीवर्गाच्या वरच्या मजल्यावर दोन वर्षे काढली त्याच्या कितीतरी पट आहे, आणि तीत दुबळ्या जागा भरपूर आहेत: भारनियमनाची रात्र, सोयाबीन काढणीचा पंधरवडा, आणि ज्या महाविद्यालयाचे नाव मी घेत नाही तेथली ती कार्डिंग यंत्रे, जी त्याने चार वर्षांत झाकलेलीच पाहिली. तो कोरड्या बाजूने येत आहे, साहेब. आपण त्याला तीन तास ओढून पाहाल, तुटला तेथला आकडा लिहून घ्याल, आणि त्या आकड्याशेजारी हवा, लांबी, बाजू यांपैकी काहीएक नोंदवणार नाही. हीच चाचणी त्याने प्रयोगवहीत अशी लिहिली असती, तर गुरुजींनी तांबड्या शाईने काट मारली असती.

आमची मागणी सवलतीची नाही. तशी अफवा कोणी आपल्या कानावर घातल्यास ती खोटी समजावी. मागणी एवढीच की एक तर परीक्षेआधी सर्व उमेदवारांना एकाच हवेत समतोल येईपर्यंत ठेवावे, भोजनाची व्यवस्था आपल्याकडे असावी. किंवा ते जमत नसेल तर आपल्या गुणपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत, प्रयोगशाळेच्या दाखल्यावर असते तशी, ‘नमुना आला त्या स्थितीत तपासला’ अशी एक ओळ छापावी. आपला गुणांक तीन वर्षे चालतो, तेव्हा ती ओळही तितकीच वर्षे चालेल. आत गेल्यावर विद्यावेतन दरमहा १२,४०० रुपये मिळते, असे नातू म्हणतो. आक्कांनी त्या रकमेला, पोरगा दिल्लीला गेला तर तेथल्या खोलीच्या भाड्याने भागून पाहिले आणि भाजक कोणता धरायचा, असे विचारले.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
टकळीवर सूत काढलेला एक

ता. क. – फेब्रुवारीतल्या पहाटे एसटीत थंडी वाजते म्हणून नातवाच्या पिशवीत एक सोलापुरी चादर दिली आहे. आत नेण्याच्या जिनसांत ती बसत नसल्यास केंद्राबाहेर जपून ठेवण्याची ताकीद पहारेकऱ्यास व्हावी. इंचामागे तिचे उभे धागे किती आणि आडवे किती, हे त्याने काल रात्री भिंग घेऊन मोजायला सुरुवात केली, तेवढ्यात वीज गेली.