शिट्टीवाले तात्या

बारामतीत गल्ली तिथे तात्या असतोच. नाव अण्णा, नाना, आप्पा काहीही असो. आमचे तात्या साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. कोण किती मिनिटं उशिरा आला, हे लिहिण्यात उभी हयात गेली. निवृत्तीनंतर उशिरा येणारं कुणी उरलं नाही आणि माणूस वाळत चालला. सुनेच्या चहाची वेळ मांडून पाहिली, पण तो प्रयोग सुनेनं दुसऱ्याच दिवशी बंद पाडला. मग 2020 चा मार्च उजाडला.

22 तारखेच्या जनता कर्फ्यूत संध्याकाळी पाचला थाळ्या वाजवायच्या होत्या. तात्यांनी पाच मिनिटं आधीच शिट्टी फुंकली. पुढं दोन वर्षं ती गळ्यातून उतरली नाही.

एप्रिलात शहरात कोरोनाचे रुग्ण सापडले. भिलवाड्याच्या धर्तीवर सगळं बंद करून किराणा-भाजी घरपोच द्यायचं ठरलं. पेपरवाले त्याला 'बारामती पॅटर्न' म्हणाले. तात्या 'आपला पॅटर्न' म्हणायचे, आणि त्यातल्या 'आपला'चा अर्थ 'माझा' असायचा. गल्लीच्या याद्या तेच तपासायचे. एका यादीत शेव दिसली, तर दारात उभे राहून विचारलं, "ही जीवनावश्यक आहे का?"

"तात्या, आमच्या ह्यांना विचारा," वहिनी आतून म्हणाल्या. "शेव नसली की घरात कोण जगतं ते!"

भीती सगळ्यांनाच होती. तात्यांनाही होतीच. आमची भीती रात्री आढ्याकडं बघत पडायची, त्यांची रजिस्टरच्या रकान्यात बसायची, एवढाच काय तो फरक. म्हणून ऑक्सिमीटर मिळाल्यावर त्यांनी दारोदार बोटं गोळा केली. एके सकाळी कोपऱ्यावरच्या काकूंच्या बोटाला 86 आला. तात्यांचा चेहरा पांढराफटक! शिट्टी, रिक्षा, "रुईच्या हॉस्पिटलला फोन लावा रे!" काकू शांतपणे पदराला हात पुसत म्हणाल्या, "अहो, भांडी घासत होते. हात गार पडलेत." बोट चोळून पुन्हा लावलं, तर 98. तात्यांनी दोन्ही आकडे लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात 'भांडी'.

खरी परीक्षा पुण्याहून मुलगा आला तेव्हा झाली. इंदापूर तालुक्यातल्या गावांनी तेव्हा शिवेवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. तात्यांनी पोराला घरात न घेता शेतातल्या वस्तीवरच्या खोलीत चौदा दिवस ठेवलं. डबा बांधावर ठेवायचा, दहा पावलं मागं सरायचं आणि शिट्टी फुंकायची. पोरगं जेवेपर्यंत तात्या लिंबाखाली उभे. घरी येऊन सांगायचे, "नियम म्हणजे नियम." डब्यात रोज एक डाळिंब सोलून दिलेलं असायचं, हे आम्हाला सुनेकडून कळलं.

तात्या नियम मोडत नसत; ते नियम नीट वाचत. पुतण्याच्या लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. तात्यांनी मांडवात एका वेळी बरोबर पन्नास पानं मांडली. अशा सात पंगती उठल्या. कुणी हटकलं तर म्हणाले, "एक तरी पंगत एक्कावन्नाची दाखव." 2021 ला पंचवीस माणसं आणि दोन तास, असा हुकूम निघाला तेव्हा मात्र ते खचले. दोन तासांत तितक्या पंगती बसत नाहीत, हे गणित त्यांनी स्वतःच घातलं होतं. आणि त्या दुसऱ्या लाटेत गल्लीतली दोन माणसं गेली. त्या दिवसांत शिट्टी वाजली नाही.

तुकोबांच्या पादुका त्या दोन्ही वर्षी एसटीनं पंढरपूरला गेल्या. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या नाहीत, बेलवाडीचं रिंगण नाही. पालखीच्या नेहमीच्या तिथीला तात्या आंघोळ करून, मास्क नाकावर घेऊन, रिकाम्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. दोन हात अंतर ठेवून. कुणापासून, ते विचारायची आमची छाती झाली नाही.

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. मास्क ऐच्छिक झाला. लोकांनी पेढे वाटले. तात्यांनी पेढा घेतला, पण घरचं कुणीतरी परगावी निघाल्यासारखं तोंड करून. आठवडाभर ओट्यावर नुसते बसून होते. आम्हाला काळजी वाटायला लागली.

मग एके सकाळी पुन्हा शिट्टी ऐकू आली. बाहेर येऊन पाहतो तर घंटागाडी अडवलेली, ड्रायव्हर हात जोडून उभा, आणि तात्या नव्या रजिस्टरवर रेघा मारतायत.

"सव्वासात लिहू का वीस?" ते विचारत होते. "खरं सांग. दोन्हीला लेट मार्कच आहे."